डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी आणि आय शील्ड कसे वापरावे

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगली-मिरजेला जत, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतून रुग्ण येतात आणि पट्टीचे सामान घेण्यासाठी आमच्या दुकानात बहुधा त्यांचा मुलगा, सून किंवा नात येते. घरी पट्टी लावण्याचे कामही याच मंडळींवर पडते, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आपल्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच म्हणणे प्रमाण मानावे.

फेको पद्धतीच्या (अल्ट्रासाउंड लहरींनी मोतीबिंदू फोडून बाहेर काढण्याच्या) ऑपरेशनात घेतलेली चीर साधारणपणे २ ते ३ मिलिमीटरची असते आणि तिला बहुतेक वेळा टाका घालावा लागत नाही. ती आपोआप मिटते. मात्र सुरुवातीच्या दिवसांत डोळा चोळला गेला किंवा त्यावर दाब आला, तर ती उघडून आत जंतू शिरण्याचा धोका असतो. जागेपणी माणूस डोळ्याला जपतो, परंतु झोपेत खाज सुटली की हात नकळत तिकडे जातो किंवा कूस बदलताना उशी डोळ्यावर घासते. आय शील्ड, म्हणजे डोळ्यावर बसवायचे कडक आवरण, आहे ते यासाठी.

पॅड आणि शील्ड यांची कामे निराळी आहेत. गॉजच्या पदरांत कापूस घातलेला निर्जंतुक पॅड पापणी मिटलेली ठेवतो आणि पाणी टिपून घेतो, पण धक्का अडवत नाही. शील्डची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकते, त्यामुळे बाहेरून आलेला दाब हाडावर जातो आणि डोळा मोकळा राहतो. पॅड जाड असला म्हणजे डोळा अधिक सुरक्षित राहतो, या समजुतीने काही ग्राहक जादा पॅड मागतात. त्यांना आम्ही तो घेऊ नका असेच सांगतो. बहुतेक रुग्णांचा पॅड डॉक्टर दुसऱ्या दिवशी काढतात आणि त्यानंतर दिवसा थेंब व रात्री शील्ड एवढेच पुरते. विनाकारण झाकून ठेवलेल्या डोळ्यात वेळेवर थेंब पडत नाहीत आणि संसर्ग झाला असल्यास तो लवकर लक्षात येत नाही. एकदा काढलेला पॅड पुन्हा लावू नये. शील्ड मात्र साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरता येते.

शील्ड लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, रुग्णाचे कपाळ व गाल कोरडे करावेत आणि त्याला दोन्ही डोळे मिटायला सांगावे, कारण एक डोळा उघडा राहिला तर दुसऱ्याची पापणीही हलत राहते. चिकटपट्टी कपाळाच्या मध्यापासून तिरकी गालाच्या हाडापर्यंतच आणावी. ती जबड्यापर्यंत नेली, तर भाकरी चावताना पट्टी ओढली जाते आणि शील्ड सरकून कड डोळ्यावर येऊ शकते. वयस्कर माणसांची त्वचा नाजूक असते. पट्टी काढताना शेजारची त्वचा बोटाने दाबून धरावी आणि सावकाश सोडवावी.

दोन वेगवेगळ्या औषधांच्या थेंबांत किमान ५ मिनिटे जाऊ द्यावीत आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. सांगली ही हळदीची पेठ असल्याने हळदीच्या गुणांवर आपला सर्वांचा विश्वास आहे, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यात हळद, मध, तूप किंवा गुलाबपाणी यांतले काहीही घालू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. मार्केट यार्डातील हळदीच्या धुळीपासून आणि ऊसतोडीनंतर पाचट पेटवल्यावर उडणाऱ्या राखेपासून काही दिवस लांब राहावे; बाहेर जावेच लागले, तर बाजूनेही झाकणारा चष्मा लावावा. एक डोळा झाकलेला असताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून गाडी चालवू नये आणि जिना उतरताना कोणाचा तरी हात धरावा.

डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाली वाढली, पू आला किंवा आदल्या दिवसापेक्षा अंधुक दिसू लागले, तर नवीन पॅड घेण्यासाठी आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नये. रात्र असली तरी रुग्णाला ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे न्यावे आणि चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत घ्याव्यात.