झुंजीच्या खड्ड्यातून वाचनाच्या सतरंजीवर: पिटबुल आणि मुलांची पार्श्वभूमी

रेस्क्यू केलेला पिटबुल लायब्ररीत नेतात आणि वाचायला अडखळणारी पोरं त्याला गोष्ट वाचून दाखवतात हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात एकच आलं, यांचं डोकं फिरलंय का? पण हे प्रकरण इथवर कसं आलं ते बघितलं की लक्षात येतं, यात दोन वेगवेगळ्या कथा आहेत, एक कुत्र्याची आणि एक मुलांची, आणि त्या दोन्ही एकत्र यायला २००७ साल उजाडावं लागलं.

आधी कुत्र्याची. इंग्लंडमध्ये पूर्वी बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचा खेळ चालायचा, लोक पैसे लावायचे, १८३५ साली कायद्याने त्यावर बंदी आली. पण शौक असा कायद्याने जातो थोडाच. बैल लपवता येत नाही, दोन कुत्रे तळघरातही झुंजवता येतात, मग बुलडॉग आणि टेरियर यांचा क्रॉस करून चपळ, चिवट, एकदा धरलं की न सोडणारे कुत्रे तयार केले गेले. झुंजीच्या खड्ड्याला पिट म्हणायचे, पिटबुल नावातलं पिट तिथलंच. पुढे हे कुत्रे अमेरिकेत गेले, १८९८ मध्ये तिथल्या युनायटेड केनेल क्लबने ही जात रजिस्टर केली. गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वेळी एका पोस्टरवर देशोदेशींचे कुत्रे दाखवले होते आणि त्यात अमेरिकेचा म्हणून चक्क पिटबुल होता, म्हणजे तेव्हा हा शूर आणि प्रामाणिक वगैरे.

आणि व्हिलनची खुर्ची काही कायम त्याचीच नव्हती. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये अल्सेशियन, म्हणजे आपण ज्याला जर्मन शेफर्ड म्हणतो, तो आयात करायला बंदी घातली आणि ती कित्येक दशकं टिकली. मग डोबरमन बदनाम झाला, रॉटवायलर झाला. १९८०च्या दशकात पिटबुलचा नंबर लागला, झुंजीचे अड्डे, ड्रग्जचा धंदा, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं एकत्र आलं. डेन्व्हर शहराने १९८९ मध्ये बंदी घातली, ब्रिटनमध्ये ठरावीक जातींवर बंदी घालणारा १९९१ चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट आला. डेन्व्हरच्या मतदारांनी २०२० मध्ये ती बंदी काढून परमिटची पद्धत आणली, ब्रिटनने उलट २०२३च्या शेवटी बंदीच्या यादीत एक्सएल बुली ही दांडगी जात वाढवली.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर हे कुत्राप्रेमींचं पॅम्फ्लेट होईल. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या २३८ मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून जास्त पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर होते. पण त्याच यादीत किमान २५ जाती होत्या आणि अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलं की एवढ्यावरून जातीवार कायदे करू नका. भीती अगदी हवेतून आलेली नाही, पण ती सरसकट जातीला चिकटवली गेली.

मुलांची कथा वेगळीकडून येते. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक मुलगा यायचा, कोणाशीच बोलायचा नाही. एक दिवस तो वेळेआधी आला आणि लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता, तो धावत जाऊन पोराला चाटायला लागला आणि पोरगं घाबरायच्या ऐवजी त्याला बिलगलं. हा अनुभव त्यांनी १९६१ मध्ये सहकाऱ्यांच्या परिषदेत मांडला तर लोक हसले, कुत्र्याला फी देता का वगैरे. पण कल्पना टिकली. १९७०च्या दशकात थेरपी डॉगच्या, म्हणजे माणसांना धीर द्यायला नेतात त्या कुत्र्यांच्या, संस्था उभ्या राहिल्या, १९८९ मध्ये अमेरिकन केनेल क्लबची कॅनाइन गुड सिटिझन ही कुत्र्याचं वागणं तपासणारी दहा पायऱ्यांची टेस्ट आली, १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. साधं लॉजिक आहे, कुत्रा चुका काढत नाही. मात्र पिटबुल या जगात जवळपास नव्हतेच, तिथे लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरचं राज्य.

मग २००७. अमेरिकन फुटबॉलपटू मायकल व्हिकच्या व्हर्जिनियातल्या कुत्र्यांच्या झुंजीच्या अड्ड्यावर धाड पडली, आतमध्ये गाडीचे ॲक्सल जमिनीत पुरून त्यांना जाड साखळ्यांनी कुत्रे बांधलेले, एकमेकांना बघता येईल पण गाठता येणार नाही एवढ्याच लांबीच्या. तोवर झुंजीतले जप्त कुत्रे म्हणजे केस संपली की मारून टाकायचे अशीच रीत होती, पेटासारखी प्राणीहक्क संस्थाही तेच म्हणत होती. इथे मात्र कोर्टाने एकेक कुत्रा तपासायला लावला, आणि पन्नासेक कुत्र्यांपैकी माणसांवर आक्रमक म्हणून मारावा लागला फक्त एक! व्हिककडून त्यांच्या देखभालीसाठी ९ लाख २८ हजार डॉलर वसूल झाले. २२ कुत्रे युटामधल्या बेस्ट फ्रेंड्स या प्राणी संस्थेकडे गेले आणि त्यातल्या काहींना दत्तक द्यायच्या आधी तीच गुड सिटिझन टेस्ट पास करायची अट कोर्टाने घातली. बरेचसे भित्रे होते, जिना, टीव्ही, घरातली फरशी, सगळ्याचीच भीती.

लिओ व्हिकच्याच कुत्र्यांतला, तो पुढे कॅन्सरच्या पेशंटना आणि वाट चुकलेल्या टीनएजर पोरांना भेटायला जायचा. जॉनी जस्टिसही त्यांच्यातलाच, तो सॅन फ्रान्सिस्कोत मुलांचं वाचन ऐकत बसायचा, २०१४ मध्ये एएसपीसीए या अमेरिकन प्राणी संस्थेने त्याला डॉग ऑफ द इयर केलं आणि त्याच्यासारखं दिसणारं सॉफ्ट टॉयही निघालं.

याच लाटेत एक भाकडकथाही पसरली, की पूर्वी पिटबुलला नॅनी डॉग म्हणायचे आणि लोक त्याच्या भरवशावर पोरं सोडून जायचे. मला ही कथा तितकीच त्रासदायक वाटते जितकी राक्षसाची, कारण दोन्हींत कुत्रा बघितलाच जात नाही, फक्त लेबल बघितलं जातं. व्हिकचे काही कुत्रे ज्यांनी घेतले त्या बॅड रॅप संस्थेनेच पुढे ही कथा सांगू नका म्हणून जाहीर सांगितलं. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासातही एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यात जातीचा वाटा साधारण ९ टक्केच निघाला.

म्हणून आज हे काम नीट करणारे लोक जातीचं कौतुक कमी आणि समोरच्या कुत्र्याची तपासणी जास्त करतात. अनोळखी हात, पडलेली कुबडी, अचानक किंचाळणारं पोर, हे सगळं आधी करून बघतात. सेशन छोटं, पट्टा कायम हँडलरच्या, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्याच्या, हातात, आणि पोरगं पुस्तकाकडे बघत असताना हँडलर बघतो ते कुत्र्याच्या कानांकडे आणि ओठांकडे, कारण कुत्रा उगाच ओठ चाटायला लागला, जांभया द्यायला लागला किंवा मान वळवून घ्यायला लागला की त्याला पुरे झालंय, मग गोष्ट अर्धी राहिली तरी त्याला उठवून बाहेर नेतात.