ओझोनवाला करार आणि पॅरिसवाला करार एक नाही, राजेहो

१६ सप्टेंबर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फोटो फिरतो. भोक पडलेली छत्री घेतलेली पृथ्वी, खाली "झाडे लावा, ओझोन वाचवा", आणि त्याच्या खाली कोणीतरी काका लिहितात की ह्याच्यामुळेच तर नागपुरात पारा ४६ ला जातो. मग नोव्हेंबरमध्ये कॉपच्या, म्हणजे पॅरिस करार जिथे झाला त्या युनोच्या दरवर्षीच्या हवामान परिषदेच्या, बातम्या सुरू झाल्या की तर्री पोह्याच्या टपरीवर दुसरा अंक: ओझोनचं बघा, जगाने ठरवलं आन करून दाखवलं, हे कॉपवाले मात्र तीस वर्षं झाली नुसते विमानाने फिरून राहिले, सगळी नौटंकी. कान किटले बाप्पा माझे. पहिलं तर सरळ सरळ चूक आहे आणि दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रास देतं.

ओझोन तुम्हाला शाळेपासून पाठ आहे तर ते भरभर. फ्रिज, एसी, स्प्रेमधला सीएफसी गॅस वर जाऊन ओझोन खात होता, १९८५ ला ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर थर पातळ झालेला सापडला, १९८७ ला माँट्रियलला करार झाला, सीएफसी बंद झाला, थर भरून येतोय. २०२२ च्या अंदाजानुसार जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या आसपास १९८० सारखी स्थिती येईल, अंटार्क्टिकावर २०६६ पर्यंत. त्या भोकातून गर्मी येत नाही, अल्ट्राव्हायोलेट किरणं येतात, ती कातडीचं आणि डोळ्याचं नुकसान करतात. गर्मी वाढतेय ती कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या भावंडांनी पृथ्वीभोवती जे पांघरूण जाड केलंय त्याच्यामुळे. आणि झाडं लावा, जरूर लावा, पण झाडाने ओझोनचा थर शिवला जात नाही, कृपा करून १६ सप्टेंबरला त्या बिचाऱ्या कडुलिंबाला ह्यात ओढू नका.

बाकी किरकोळ फरक सोडा. माँट्रियलचं मूळ १९८५ च्या व्हिएन्नात, पॅरिसचं १९९२ च्या रिओत, दोन्ही युनोच्या छत्राखाली, दोन्हीच्या दरवर्षी बैठका होतात, फक्त माँट्रियलवाल्यांच्या बैठकीला कॅमेरे जात नाहीत. हे लक्षात नाही राहिलं तरी काही बिघडत नाही.

ज्या ठिकाणी सगळे घसरतात ती गोष्ट एकच आहे, की आकडा कोण लिहितो.

आपल्या सोसायटीत दोन प्रकारे पैसे गोळा होतात ना, एक मेंटेनन्स आणि एक गणपतीची वर्गणी. मेंटेनन्सचा आकडा मीटिंगमध्ये ठरतो, तारीख ठरते, नाही भरला तर व्याज, आणि फ्लॅट विकायला गेलात की एनओसी अडकते. वर्गणीचं पुस्तक मात्र दारावर येतं, तुम्ही तुमच्या मनाने आकडा टाकता, फक्त ते पुस्तक उघडं असतं, वरच्या ओळीत शेजाऱ्याचे ५०१ दिसत असतात म्हणून आपले ५१ लिहायला हात धजत नाही, आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी लिहिलं तर मंडळाची पोरं तोंडाकडे बघत उभी राहतात.

माँट्रियल म्हणजे मेंटेनन्स. कोणता गॅस, किती टक्के, कोणत्या वर्षापर्यंत, सगळं करारातच लिहिलेलं. जो देश बाहेर राहील त्याच्याशी ह्या गॅसचा व्यापार बंद, ही झाली एनओसी. गरीब देशांना दहा वर्षांची जास्तीची सूट, आणि कारखाने बदलायला १९९० मध्ये लंडनला वेगळा फंड मान्य झाला, तो श्रीमंत देशांनी भरायचा. भारत आत आला तो त्याच्यानंतर, १९९२ ला, आधी पैशाचं बोला मग सही करतो असाच आपला पवित्रा होता आणि तो बरोबरच होता. आणखी एक, ठरलेलं वेळापत्रक घट्ट करायचं असेल आणि एकमत होत नसेल तर तिथे दोन तृतीयांश मतांनी करता येतं. कॉपमध्ये मतदानाचा नियमच १९९५ पासून आजपर्यंत मंजूर झालेला नाही, त्यामुळे सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत रात्र रात्र बसायचं.

पॅरिस, २०१५, म्हणजे वर्गणी. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवू, १.५ साठी प्रयत्न करू, हे सगळ्यांचं मिळून, पण त्यासाठी कोणी किती करायचं हा आकडा प्रत्येक देश घरून लिहून आणतो. दर पाच वर्षांनी नवीन आकडा द्यायचा, तो आधीपेक्षा पुढचा असावा आणि हिशोब उघडा ठेवायचा, बंधन आहे ते एवढ्याचं. आकडा गाठलाच पाहिजे असं बंधन नाही, दंड नाही. शेवटच्या दिवशी तर एका शब्दावर गाडी अडली होती, श्रीमंत देश पुढाकार "घेतील" असं मसुद्यात छापलं गेलं आणि अमेरिका अडून बसली, कारण "घेतील" म्हटलं की ते बंधनकारक होऊन त्यांच्या सिनेटची मंजुरी लागली असती, मग छपाईची चूक म्हणून ते "घ्यायला हवा" करून टाकलं.

म्हणून पॅरिसमध्ये भारतावर अमुक लादलं असं कोणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. कोणी काही लादलं नाही भाऊ, आपणच लिहून दिलंय. २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के कमी, आणि वीज बनवायच्या क्षमतेतली निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून. हा दुसरा आकडा आपण २०२५ लाच गाठला. त्याच्यावरही लगेच ढोल वाजवू नका, क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असं नसतं, सूर्य रात्री झोपतो, आपल्या घरात येणारी वीज अजून बहुतेक कोळशाचीच आहे, पटत नसेल तर कोराडीच्या वीज केंद्राकडे बघा एकदा, चिमण्या काही शोभेला नाही उभ्या.

मग हवामानाचाही मेंटेनन्सच काऊन नाही केला? केला होता राजेहो, १९९७ ला, क्योटोमध्ये. श्रीमंत देशांना वरून आकडे वाटले. अमेरिकेच्या सिनेटने करार व्हायच्या आधीच ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून ठेवलं होतं की चीन-भारतासारख्या देशांना आकडा नसेल तर आम्हाला चालणार नाही, त्यांनी तो कधी मंजूर केलाच नाही, आणि कॅनडाने २०११ ला सरळ बाहेर पडतो म्हणून कळवलं. मेंटेनन्स न भरणाऱ्याची एनओसी अडवता येते, पण सोसायटीतला सगळ्यात मोठा फ्लॅटवालाच म्हणाला की मी सभासदच नाही, तर काय करणार. पॅरिसची वर्गणी ही त्या फजितीतून आलेली आहे, कोणाच्या आळसातून नाही.

आणि सीएफसी बनवत होत्या मोजक्या कंपन्या, पर्यायी गॅस त्याच कंपन्या विकणार होत्या. कोळशाला असा आयता दुसरा सिलिंडर जोडता येत नाही. उमरेडच्या खाणीवर किती घरं चालतात, वेकोलिचं, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचं, मुख्य ऑफिस कुठे आहे, हे नागपूरच्या माणसाला मी सांगू का? २०२१ ला ग्लासगोमध्ये शेवटच्या तासाला कोळसा "बंद करणे" च्या जागी "कमी करणे" लिहून घेतलं ते आपल्याच मंत्र्यांनी, भूपेंद्र यादवांनी. बाहेर फार टीका झाली, मला मात्र ते प्रामाणिक वाटलं, कारण बंद करतो म्हणून सही करून मग न करण्यापेक्षा ते बरं.

वर्गणीने काहीच झालं नाही असंही नाही. पॅरिसच्या आधी शतकाच्या शेवटी ४ अंशांच्या जवळपास वाढ होईल असे अंदाज होते, आता चालू धोरणं धरून ते ३ च्या आसपास आलेत. त्यातलं पुष्कळ श्रेय स्वस्त झालेल्या सोलर पॅनेलचं आहे, कॉपचं किती हे वेगळं काढता येत नाही. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी वाढतोच आहे, २०२४ हे १.५ अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष. तर नौटंकी म्हणणारे चूक, आणि "ऐतिहासिक करार" अशी हेडलाइन देणारे त्याहून चूक.

पण माझा खरा जीव आहे तो माँट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीवर, जिच्याबद्दल टपरीवर कोणी चकार शब्द काढत नाही. झालं काय, ओझोन खाणारा आर-२२ गॅस एसीतून काढायला लागले आणि त्याच्या जागी आला आर-४१०ए. ओझोनला हातही लावत नाही, पण गर्मी धरायला आर-२२ पेक्षा जास्त, आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या १८१० पट तर हा २०८८ पट. म्हणजे भोक बुजवता बुजवता पांघरूण जाड. मग २०१६ मध्ये रवांडाच्या किगालीला माँट्रियलवाल्यांनीच हे गॅस आपल्या मेंटेनन्सच्या यादीत घेतले. आकडे पुन्हा वरून, तारखा पुन्हा ठरलेल्या: भारताने २०२८ ला वाढ थांबवायची, २०३२ पासून कमी करत जायचं, २०४७ पर्यंत ८५ टक्के. पूर्ण पाळलं तर शतकाच्या शेवटी अर्ध्या अंशापर्यंत वाढ टळू शकते, तीही ओझोनच्या करारातून, कॉपच्या मांडवाबाहेर.

मागच्या मे मध्ये आमच्या जुन्या आर-२२ एसीचं कूलिंग गेलं. सर्व्हिसिंगवाला पोरगा गच्चीवर चढला, आउटडोअर युनिटचा व्हॉल्व्ह उघडला आणि उरलेला गॅस फुस्सकन हवेत. मी खाली कुलरमध्ये पाणी भरत होतो, आवाज ऐकून वर गेलो तोवर संपलं होतं. युनिटवरच्या स्टिकरवर १ किलो लिहिलेलं, निम्मा उरला होता धरा, तर ५०० ग्रॅम गुणिले १८१०, म्हणजे ९०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो, म्हणजे जवळपास ३९० लिटर पेट्रोल, माझ्या ४५ च्या ॲव्हरेजने गाडी साडेसतरा हजार किलोमीटर चालली असती. दहा सेकंदांत.

नवीन एसी आर-३२ चा घेतला, तो ६७५ पट, म्हणजे निदान तिसऱ्या हिश्शावर. यंदा सर्व्हिसिंगला बोलावताना फोनवरच विचारलं की गॅस ओढून घ्यायची मशीन आहे का. हाव म्हणे, आहे ना सर, पण कोणी मागतच नाही, पाचशे जास्त लागतील आणि सोमवारी येतो.