किल्ली कोणाकडे? शेड्यूल एक्सच्या कपाटामागची पार्श्वभूमी

फार्मासिस्ट तासभर बाहेर गेला तर मेडिकलमधल्या नियंत्रित औषधांचं काय करायचं? आपल्या नियमांत याचं सरळ उत्तर सापडत नाही. फार्मासिस्ट दुकानात आहेच, असं धरूनच ते लिहिलेले आहेत.

1930-31 मध्ये औषधतज्ज्ञ रामनाथ चोप्रा यांच्या समितीने देशातल्या औषधांच्या बाजाराची पाहणी केली. तो कंपाउंडरचा जमाना होता. मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची आणि खाचेखाचेने डोस मोजायचा. पुढे 1940 चा औषध कायदा आला, 1945 चे नियम आले आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. 1945 च्या नियमांतल्या नियम 65 ने स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. म्हणजे तो बाहेर पडला की ही विक्री थांबते. दुकान मात्र उघडंच राहतं.

कुलूप आलं ते 1982 च्या शेड्यूल एक्सबरोबर. ही त्याच नियमांना जोडलेली, कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांवरच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1975 मध्ये सामील झाला होता. गुंगी आणणारी बार्बिट्युरेट, उत्तेजक अॅम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट अशी मोजकी औषधं शेड्यूल एक्समध्ये आहेत. भुलीचं केटामिन बरंच नंतर आलं. ही औषधं फक्त त्यांच्यासाठीच राखलेल्या कपाटात किंवा खणात कुलपाखाली ठेवायची, नाहीतर दुकानाच्या अशा वेगळ्या भागात, जिथे जबाबदार माणसांनाच जाता येतं. चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि एक प्रत दोन वर्षं जपायची. नोंदीची वही बांधीव, पानांवर क्रमांक घातलेली, प्रत्येक औषधाला स्वतंत्र पानं.

खरी फट इथून पुढे आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन ही चिठ्ठीवरच्या औषधांची आणखी एक यादी लागू झाली. सुरुवातीच्या 46 औषधांत चिंता कमी करणारं अल्प्राझोलम, खोकल्याच्या औषधांतलं कोडीन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल होती. त्यांच्यासाठी डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग यांची वेगळी नोंद लागते, ती तीन वर्षं ठेवावी लागते. कुलपाची सक्ती मात्र नाही. त्यामुळे कमी मागणीचं मिथाइलफेनिडेट कपाटात बंद असतं आणि ज्याची सर्रास चोरटी मागणी होते ते अल्प्राझोलम उघड्या रॅकवर, काउंटरवरच्या पोराच्या हाताशी. हे उलटं आहे आणि ते बदलायला हवं.

ब्रिटनने हा प्रश्न नियमातच घेतला. 1 ऑक्टोबर 2009 पासून तिथल्या ‘जबाबदार फार्मासिस्ट’ला, म्हणजे त्या वेळी दुकानाची जबाबदारी असलेल्याला, दिवसात जास्तीत जास्त दोन तास बाहेर राहता येतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तेवढ्या वेळात चिठ्ठीची औषधं तर नाहीतच, पण फार्मासिस्टच्या देखरेखीत विकायची बिनचिठ्ठीची औषधंही देता येत नव्हती.

आपल्याकडे नियमाची वाट न बघता करता येण्यासारखं बरंच आहे. सवय लावणारी एच-वन औषधंही कुलपाच्या खणात हलवावीत. किल्ली गल्ल्यात टाकू नये, फार्मासिस्टने खिशात ठेवावी; दुसरी किल्ली मालकाच्या घरी, बंद पाकिटात, जोडावर सही करून. बाहेर जाताना आणि परत आल्यावर साठा मोजावा. मोजताना खोकी नव्हे, पट्ट्या मोजाव्यात. मागच्या बाजूने एक पट्टी ओढली तरी खोकं समोरून भरलेलंच दिसतं, आणि घट कळते ती महिनाअखेरीला, तेव्हा ती कुठल्या दिवशीची हे सांगता येत नाही.