अप्रेंटिस लागली की ट्रेनी लागली?

निकाल लागून महिना-दोन महिने झाले की माझा फोन वाजायला लागतो. "सर, अप्रेंटिस लागली!" मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक. जोडारीची, म्हणजे फिटरची पोरं दोन वर्षं माझ्या हाताखाली असतात, त्यामुळे आनंद होतोच. पण अभिनंदन करून झालं की मी एकच विचारतो : "करार सरकारी पोर्टलवर चढलाय का?" पुष्कळदा उत्तर येतं, "एचआरच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे ट्रेनी म्हणतात, पण तेच असतं ते."

तेच नसतं ते.

अप्रेंटिस, सरकारी मराठीत शिकाऊ उमेदवार, हा १९६१ च्या कायद्यातला माणूस आहे. रेल्वेत त्याला 'ॲक्ट अप्रेंटिस' म्हणतात ते म्हणूनच. त्याचा आणि मालकाचा लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते, पोरगा अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती हे सगळं आधी ठरलेलं. फिटर, टर्नर, वीजतंत्री अशा ठरीव ट्रेडमध्ये शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते आणि ती पास झालं की एनएसी हे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. कायद्यातलं एक कलम पोरांना मी मुद्दाम सांगतो : अप्रेंटिसला पीस रेटवर पैसे देता येत नाहीत. 'इतके नग काढ, मग इतके रुपये' हा हिशोब शिकणाऱ्याला लावायचाच नाही.

ट्रेनी हे कंपनीने ठेवलेलं नाव. नावामागे काय आहे ते गेटगणिक बदलतं. इंजिनिअर होऊन आलेला जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, हाही ट्रेनीच, पण तो बहुतेकदा कंपनीच्या पटावर असतो, पीएफ कापला जातो, वर्षभराने कायम होण्याची वाट असते. आणि असेंब्ली लाइनवर उभा असलेला, एजन्सीमार्फत आलेला, सात महिन्यांनी ब्रेक मिळणारा, तोही ट्रेनीच. मध्ये 'नीम' नावाची एक योजना होती, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची. चाकण-वाळूजकडे 'नीमची पोरं' हा शब्दच पडला होता. ती योजना नंतर मागे घेतली गेली. एजन्सीवाले तिथेच आहेत. मालकाने ट्रेनी म्हटलं की कामगार कायदे आपोआप टळतात असं नाही. वाद झालाच तर पोरगा रोज नेमकं काय करत होता ते बघितलं जातं. पण एकविसाव्या वर्षी एकट्याने वाद घालायला जातो कोण?

एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या शर्टात दोघं शेजारी उभे असतात, मग गोंधळ होणारच. त्यामागे आकड्यांचं गणितही आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पंधराच्या वर घेता येत नाहीत. त्यापुढे स्वस्त हात हवे असतील तर दुसरं नाव शोधावं लागतं, आणि ते तयारच आहे.

ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पासबुक. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. पूर्वी तो कंपनीकडे जायचा. २०२३ पासून थेट पोराच्या खात्यात येतो. म्हणजे या योजनेतल्या अप्रेंटिसच्या पासबुकात दोन नोंदी दिसतात, एक कंपनीची, एक सरकारची. (राज्याचं 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण' हे आणखी तिसरंच. २०२४ ला सुरू झालं, तिथे शिक्षणाप्रमाणे सहा ते दहा हजार सरकारच देतं. त्यालाही पोरं अप्रेंटिसच म्हणतात.)

मागच्या वर्षी एक जुना विद्यार्थी प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आला. दोन कंपन्यांत मिळून पावणेदोन वर्षं झालेली. फोल्डरमध्ये लेटरहेडवरचा एक कागद : 'प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले.' खाली गोल शिक्का. एका भरतीच्या अर्जात एनएसीचा नंबर मागितला होता आणि तो या कागदावर नंबर शोधत होता. मी विचारलं, शिकलास काय? म्हणाला, प्रेसवर पार्ट लावायचे, काढायचे, बर म्हणजे कडेची धारदार कोर घासायची. पावणेदोन वर्षांत मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधं हत्यार, हातात घेतलेला नव्हता.

पण त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्याला ट्रेनी म्हणून हातात येत होते ते पैसे अप्रेंटिसपेक्षा जास्त होते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना सात हजार ठरलं. खोलीचं भाडं आणि मेस यातच ते संपतात, गावी काय पाठवणार? देशाच्या तरुण मनुष्यबळात गुंतवणूक करायची म्हणतात, त्यातला मोठा वाटा असा पोराचे आईबापच भरत असतात, वर्षभर त्याच्या पगाराशिवाय राहून.

आणि अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी, हाही गैरसमजच. कायदा मालकाला नोकरी द्यायला बांधत नाही. भरतीचं धोरण त्याने स्वतः ठरवायचं. रेल्वेतून शिकून निघालेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, वीस टक्के जागा ठेवल्या होत्या. ही मर्यादाच काढा, सगळ्यांना घ्या, म्हणत मार्च २०१८ मध्ये पोरं माटुंगा-दादरच्या रुळांवर बसली आणि मध्य रेल्वे सकाळभर ठप्प झाली. मुंबईकरांनी त्यांना शिव्या घातल्या. मला वाटलं, 'लागली' या शब्दानेच ही पोरं इथवर आणली. नोकरी लागते. अप्रेंटिसशिप करायची असते.

त्या फोल्डरवाल्याचं एक बरं झालं. कागदोपत्री तो कधी अप्रेंटिस नव्हताच, त्यामुळे अजून होऊ शकत होता. रेल्वेच्या जाहिरातीत वयाची अट चोवीसची, हा तेवीसचा. "पैसे कमी मिळतील," मी सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये सर. घरी काय सांगू ते सांगा."