भात्यावर उडणारं विमान

सारंगखेड्याच्या यात्रेत भाचा चक्रीत बसला. दहा-बारा फेऱ्या मारून उतरला आणि दोन पावलांत माझ्या पायांना मिठी मारून ओरडला, "मामा, जमीन फिरी ऱ्हायनी!" घोडे बघायला आलेली मंडळी हसली. मी पण हसलो. पण त्या क्षणी त्याच्या कानात जे चाललं होतं, त्यानं अनेक वैमानिकांचे जीव घेतलेत.

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव भरलेला. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. वळण एकाच वेगानं चालू राहिलं, तर 10-20 सेकंदांत द्रवही नळीच्या वेगानं फिरू लागतो आणि वळतोय ही जाणीवच मावळते. ढगात क्षितिज दिसत नाही. विमान कलून वळत असतं, पण वैमानिकाला वाटतं आपण सरळ चाललोय. उंची घटतेय म्हणून तो दांडी मागे ओढतो, तशी घिरटी आणखी आवळत जाते. अंगाचं ऐकू नका, समोरच्या उपकरणांच्या काट्यांचं ऐका, हे फळ्यापुढे शंभरदा सांगितलं तरी अंगात मुरत नाही.

ते मुरवणारं खोकं 1929 मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंकनं बनवलं. वडिलांचा ऑर्गनचा कारखाना, म्हणून त्यानं ऑर्गनचे भातेच विमानासारख्या लाकडी खोक्याखाली बसवले. आपल्या भजनी मंडळातला पेटीवाला डाव्या हातानं जो भाता हलवतो, त्याचेच हे थोरले भाऊ. एकीकडचा फुगला, दुसरीकडचा बसला, की खोकं कललं. लष्करानं आधी ढुंकूनही पाहिलं नाही. सुरुवातीची गिऱ्हाइकं मिळाली ती करमणुकीच्या बागांत, म्हणजे तिकडच्या जत्रेतच! 1934 मध्ये टपाल वाहून नेण्याचं काम लष्करी वैमानिकांवर आलं. ऐन हिवाळ्यात, धुक्या-बर्फात काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. मग कुठे लष्करानं सहा खोकी घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून जास्त जण त्यात बसून शिकले.

आता त्या खोक्याची खोली झालीय, म्हणजे सिम्युलेटर, आणि भात्यांच्या जागी खाली लांब-आखूड होणारे सहा पाय आलेत. खोली हळूच मागे कलवतात आणि पडद्यावर धावपट्टी सपाटच दाखवतात; पाठ खुर्चीत रुतते आणि मेंदू म्हणतो, विमानानं वेग घेतला. निव्वळ फसवाफसवी, पण कामाची. प्रशिक्षक उड्डाण होताच इंजिनाला आग लावू शकतो, चूक झाली की चित्र थांबवून विचारू शकतो, "आत्ता कुठला काटा बघत होतास?" खऱ्या विमानात असा प्रश्न विचारायला वेळच उरत नाही.

एक गोष्ट मात्र या खोलीला जमत नाही. विमान 60 अंश कलवून उंची राखत वळलं, तर 60 किलोच्या पोराचा भार 120 किलो होतो. लढाऊ विमानात तो नऊपटीपर्यंत जातो, रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याची सवय व्हावी म्हणून बेंगळुरूच्या हवाई वैद्यकीय संस्थेत लांब दांड्याच्या टोकाला कोठडी लावून, तीत वैमानिकाला बसवून गरगर फिरवतात. म्हणजे पुन्हा चक्रीच.