"तुम्ही बोलताय कुठून?" कॉल सेंटरच्या लोकेशन नियमामागची गोष्ट

कॉल घेणाऱ्याने आधी आपण कुठे बसलोय ते सांगायचं, ही मागणी अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२५ ला पुन्हा आली, तेव्हा बऱ्याच जणांना ती नवीनच वाटली. पण २००३ मध्येच तिथे असं बिल मांडलं गेलं होतं, आणि मांडणारे सिनेटर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, म्हणजे टायमिंग बघा.

२००२ मध्ये भारतात परदेशी कॉलवरची सरकारी मक्तेदारी संपली, लाइन स्वस्त झाल्या आणि व्हॉइस प्रोसेस, म्हणजे फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची कामं, धडाधड इकडे यायला लागली. त्याच सुमारास न्यू जर्सीत बोभाटा झाला, कारण सरकारी मदतीवर जगणारे लोक हेल्पलाइनला फोन लावायचे आणि तो उचलला जायचा मुंबईत. ज्यांची नोकरी गेलीय त्यांच्या चौकशीचं कामसुद्धा बाहेर पाठवलं, हे लोकांना झोंबलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. ते काम मग परत न्यू जर्सीत नेलं.

इकडे कॉल सेंटरच्या फ्लोअरवर वेगळंच चाललेलं. नाव बदलून घ्यायचं, अॅक्सेंट ट्रेनिंग करायचं, कुठून बोलताय विचारलं तर ठरलेलं उत्तर द्यायचं किंवा विषय बदलायचा. हे खोटं एजंटच्या मनातलं नव्हतं, क्लायंट आणि कंपनीने लिहून दिलेली स्क्रिप्ट होती, पण शिव्या मात्र हेडसेट लावलेल्या पोरांनीच खाल्ल्या. म्हणून हा नियम एजंटच्या विरोधात होता असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, खरं बोलायची मुभा मिळाली असती तर कित्येकांना बरंच वाटलं असतं.

खरा घोळ 'लोकेशन' या शब्दात आहे. माणूस जिथे बसलाय ते, की कंपनीचं ऑफिस, की नंबर जिथला दिसतो ते? २००३ च्या बिलात माणूस प्रत्यक्ष कुठे आहे तेच धरलं होतं, ऐकायला सरळ, पण कॉल एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाला तर पुन्हा सांगायचं का? आणि देश सांगितला की पुरे, की शहरही? विरोधकांचं म्हणणं असं की हे पारदर्शकतेच्या नावाखाली गिऱ्हाइकाला भडकवणं आहे, कारण सर्व्हिस चांगली की वाईट हे देशाच्या नावावरून कळत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या बिलाने मग खरा दात दाखवला. ग्राहकाने मागितलं तर कॉल अमेरिकेतल्या एजंटकडे द्यायचा, आणि सेंटर बाहेर हलवायचं तर १२० दिवस आधी सरकारला कळवायचं. म्हणजे नुसतं सांगणं बाजूला राहिलं, मुद्दा नोकऱ्या राखण्याचा झाला. हे बिल पास झालं नाही, २००३ चंही झालं नव्हतं.

मधल्या काळात बाकी सगळंच बदललं. २०१६ मध्ये मीरा रोडला अमेरिकन टॅक्स अधिकारी असल्याचं सांगून लुटणारी कॉल सेंटर्स पकडली गेली, तेव्हा 'कुठून बोलताय' या प्रश्नाला भीतीचीही किनार आली, आणि अर्थात असल्या लोकांनी कुठलाच नियम पाळला नसता. मग कोविडमध्ये एजंट घरून कॉल घ्यायला लागले, आता बोलतानाच अॅक्सेंट बदलणारं सॉफ्टवेअरही आलंय. २०२५ च्या बिलात म्हणूनच लोकेशनच्या जोडीला, एआय वापरताय का, तेही सांगायला लावलंय.