एमजीबी मोटारीचा अँटी-रोल बार : बसवणी व जुळवणी

वेगात वळण घेताना मोटार बाहेरच्या बाजूला कलते. हा कल आवरण्यासाठी डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारी स्प्रिंग-पोलादाची आडवी सळई म्हणजे अँटी-रोल बार. गॅरेजमध्ये तिला स्टॅबिलायझर किंवा स्वे बार म्हणतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार त्याला धरणाऱ्या बुशमध्ये (रबरी अस्तरात) नुसता फिरतो. एकच चाक गेले तर त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ कलण्याला विरोध करतो.

इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० दरम्यान तयार झालेल्या एमजीबीने बारचे मोल स्वतःच सिद्ध केले. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांपायी तिला रबरी बंपर आले, उंची वाढवावी लागली आणि त्याच सुमारास टपाविना मॉडेलचा पुढचा बारही गेला. गाडी वळणावर लोळू लागली. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार देऊन ती सावरली.

बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो : १६ मिमीऐवजी १९ मिमीचा बार घातला की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून हौसेने जाड बार घालणे महागात पडते. पुढे फार ताठ बार असल्यास गाडी सुकाणूला दाद न देता सरळ जाऊ पाहते. मागे असल्यास आतले मागचे चाक हलके होऊन जागीच फिरते.

खरी कसोटी जुळवणीची आहे. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत बारला अजिबात पीळ नसावा. एका बाजूची लिंक (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारा दुवा) जोडून घ्यावी. दुसरीचा बोल्ट हाताने, पहार न लावता भोकात सरकला पाहिजे. सरकत नसेल तर ओढूनताणून बसवू नये. तसे केल्यास तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरील भार बदलतो आणि गाडी डाव्या व उजव्या वळणाला वेगळी वागते. कमी-जास्त करता येणारी लिंक असेल तर तिची लांबी बदलावी; मूळ ठरावीक लांबीची असेल तर आधी स्प्रिंगा दबल्या आहेत का ते तपासावे. एकच चाक जॅकवर उचलून हे काम करू नये, कारण तेव्हा बार पिळलेलाच असतो.

बार मधोमध आहे ना, हे दोन्ही टोकांची अंतरे मोजून पाहावे. रबरी बुशचे क्लॅम्प चाकांवर वजन आल्यावरच पक्के आवळावेत. पॉलियुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लागते, नाहीतर ते करकरतात.